भरल्या पोटाचे चोचले

खाण्याची आणि अंगाकाठीची कुरकुर म्हणजे भरल्या पोटाचे चोचले, असं माझं ठाम मत होतं. लढाईच्या धामधुमीत आरशात कोण बघतं?

मार्च २०२२मध्ये भाची युक्रेनच्या सुमीहून सुटून आली. मेडिकलला होती. तिथे नळ कोरडे पडले तेव्हा मुलांनी बर्फ वितळवून पाणी केलं होतं. आता चार दिवस खाऊपिऊ घातलं की झालं, असं मी धरून चालले.

ती पोळीचे तुकडे ताटाच्या कडेला मांडायची, मोजून खायची, उरलेले डब्यात घालून खोलीत न्यायची. दंडाला बोटांचा वेढा घालून बघायची आणि म्हणायची, जाड झालेय. एकदा मी भडकलेच, ‘‘बॉम्बमधून वाचून आलीस आणि दंड कसले मापतेस?’’

‘‘मावशी, तिकडे सायरन कधी वाजेल, बस कधी सुटेल, काहीच माहीत नसायचं. किती बिस्किटं खायची, एवढंच माझ्या हातात होतं.’’

मला ते पटलं नाही. हट्टीच आहे, असं मनात म्हटलं. दुसऱ्याच्या दुखण्याला स्वभाव म्हणण्याची खोडच आहे मला.

पुढे मिनेसोटा विद्यापीठातला प्रयोग वाचनात आला. युद्धानंतर युरोपातल्या उपाशी माणसांना कसं सावरायचं, हे कळावं म्हणून १९४५मध्ये अँसेल कीज यांनी ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. शस्त्र धरायला नकार दिलेले, पारखून घेतलेले धडधाकट पुरुष. ते ताटं चाटू लागले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, जेवण लांबवत बसू लागले. वजन पाव हिश्शाने उतरलं, तरी त्यांना आपण हडकलेले वाटेनात. बाकीचे लोकच लठ्ठ दिसत. पुढे पोटभर मिळू लागलं, तर काहीजण पोट सुटल्याची तक्रार करू लागले.

त्या पानावर मी अडकले. इतके सगळे एकदम हट्टी? भाचीने तेवढी उपासमार सोसली नव्हती. भीती मात्र रोज सोसली होती. परीक्षेच्या आदल्या रात्री मला घास उतरत नसे. निदान मला तरी हे कळायला हवं होतं.

ती बरेच महिने समुपदेशक बाईंकडे गेली. मी ताटावरून बोलणं सोडलं, म्हणजे जवळपास. परवा एका लग्नात ‘‘छान तब्येत झाली गं!’’ निसटलंच तोंडातून.

‘‘मावशी, तब्येतीवर नको ना बोलूस,’’ म्हणाली आणि जिलबीच्या रांगेत जाऊन उभी राहिली.