हळू आवाजांची हजेरी

प्राथमिक शाळेचा मास्तर आणि रॉक संगीत? हसलात ना! पण खरंच मुलांनो, 'पिंक फ्लॉइड' हा इंग्लंडमधला बँड माझ्या फार आवडीचा. १९६५ साली लंडनमध्ये ही मंडळी एकत्र आली आणि आवाजांचे नाना प्रयोग करू लागली.

त्यांच्या १९७३ सालच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या अल्बमची सुरुवातच बघा. आधी काहीच नाही. मग अगदी हळू, धक् धक्... काळजाचे ठोके! वाजवलेत मात्र ड्रमवर. पुढं एका गाण्यात ढीगभर घड्याळं एकदम ठणाणा करतात. ॲलन पार्सन्स या ध्वनिमुद्रकानं जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक घड्याळ वेगवेगळं टिपलं होतं. आणखी एका गाण्यात तर नाण्यांच्या खणखणाटाचा आणि कागद फाटण्याचाच ठेका आहे!

हा अल्बम मी सीडीवरून 'लॉसलेस' पद्धतीनं उतरवून घेतलाय. म्हणजे कसं? प्रवासाला निघताना आपण गोधडीची घट्ट वळकटी बांधतो. जागा कमी लागते, पण सोडली की गोधडी जशीच्या तशी. 'फ्लॅक' फाइल अशीच असते. 'एमपीथ्री'चं तसं नाही. मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज 'कुणाला ऐकू येणार?' म्हणून तिथं सरळ गाळला जातो. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत सीडीच्या मानानं साधारण अकरावा हिस्सा माहिती उरते.

आता खरं सांगू? चांगल्या प्रतीची एमपीथ्री आणि लॉसलेस यांतला फरक भल्याभल्यांना ओळखता येत नाही. मग हा खटाटोप कशाला? त्याचं कारण माझ्या वर्गात आहे. दहा मुलांनी गलका केला, की शेवटच्या बाकावरचं हळू बोलणारं पोर झाकलं जातं. ते गप्प नसतं, त्याचा आवाज खाली दबलेला असतो. तो आवाज बिनकामाचा, असं कुणी आधीच ठरवून टाकावं, हे मला पटत नाही.

म्हणून रविवारी दुपारी हेडफोन लावला, की अल्बम संपेपर्यंत, चांगली ४३ मिनिटं, मी जागचा हलत नाही. अखेरीला पुन्हा तेच ठोके येतात आणि विरत जातात. त्यांतला शेवटचा ठोका कोणता, ते मी कान टवकारून शोधतो.

तुम्हीही आपल्या आवडीच्या गाण्यातलं सगळ्यात हळू वाजणारं वाद्य शोधून बघा. आणि हो, उद्या वर्गात गेलात, की शेवटच्या बाकाकडेही जरा कान द्या, बरं का!