पाइपातलं पाणी

शेतकऱ्याला खच्चीकरण माहीत असतं. गोऱ्हा बडवला की त्याचा बैल होतो आणि मग तो गाईकडं वळून बघत नाही. १९७६ साली पुरुषांच्या नसबंदीची हाक गावात आली तेव्हा माणसांनी तिचा अर्थ तसाच लावला. खरं तर दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. नसबंदीत सगळं जागच्या जागी राहतं, ताकद राहते, इच्छा राहते. फक्त बीज वर नेणाऱ्या दोन बारीक नळ्या कापून बांधतात. पण हे सांगत बसायला वेळ कुणाला होता? ग्रामसेवक, तलाठी, मास्तर, सगळ्यांच्या मागं आकड्यांचा ससेमिरा. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या ६० लाखांवर पुरुषांच्या.

आमचे थोरले दादा त्यांतलेच एक. तीन लेकरं झाली होती, कुणी जबरदस्ती केली नव्हती, आपखुशीनं गेले. दिवाळी उरकल्यावर शिबिरात जाऊन आले, आठ दिवस जड काम केलं नाही, मग उसाला पाणी धरायला लागले. शिबिरात ‘आता घरी जा’ एवढंच सांगितलं होतं.

संक्रांत आली आणि वहिनींना कोरड्या उलट्या सुरू झाल्या.

मी तेव्हा दहावीला. घरात भांडण नाही, आरडाओरडा नाही. भांडण झालं असतं तर परवडलं असतं. दादा गोठ्यात झोपायला लागले. आई वहिनींकडं पाठ करून भाकरी थापायची. पाणवठ्यावर बाया कुजबुजायच्या, ‘ऑपरेशन झालेल्या गड्याच्या बायकोला दिवस कसं गेलं गं?’ आठवडाभरात वहिनींचा भाऊ येऊन त्यांना माहेरी घेऊन गेला. निघताना त्या आबांच्या पाया पडल्या. “मामंजी, मी काय बी केलेलं न्हाई,” एवढंच म्हणाल्या. आबांनी मान वर केली नाही.

हा गुंता सोडवला तो सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी. लेकरांना लस टोचायला आल्या होत्या, कुणाकडून तरी त्यांच्या कानावर गेलं. थेट आमच्या सोप्यात येऊन बसल्या आणि दादांना विचारलं, “ऑपरेशनला किती दिवस झाले? त्यानंतर निरोध वापरला का? पुन्हा तपासायला बोलावलं होतं का?” दादा नुसते मान हलवत होते. आबाच वैतागून म्हणाले, “अवो बाई, ऑपरेशन झाल्यावर निरोध कशापायी?”

बाई म्हणाल्या, “आबा, मोटार बंद केली की पाणी लगेच थांबतं का?”

“न्हाई. पाइपातलं असतं तेवढं वाफ्यात जातंच की.”

“तसंच हे. जिथं नळी कापली, त्याच्या पुढं जे बीज आधीच गेलेलं असतं, ते तिथंच राहतं. ते संपायला तीन महिने जातात. तोवर दिवस राहू शकतात.”

दुसऱ्या दिवशी त्या दादांना तालुक्याला घेऊन गेल्या. डॉक्टरांनी वीर्य तपासलं आणि दादांनाही दुर्बिणीला डोळा लावायला लावला. दोन-तीन बीजं अजून वळवळत होती. दादा संध्याकाळच्या एस्टीनं परत आले, कुणाशी बोलले नाहीत, पाणीसुद्धा घेतलं नाही. पहाटे उठून वहिनींच्या माहेरी गेले.

वहिनी आल्या. आईनं तुकडा ओवाळून टाकला. दादा काहीतरी बोलायला लागले तेव्हा वहिनी म्हणाल्या, “तुमच्या दुर्बिणीनं मला पास केलं म्हणायचं. ती नसती तर?” दादांकडं उत्तर नव्हतं. सोप्यात बसलेल्या कुणाकडंच नव्हतं. सप्टेंबरात मुलगी झाली. अगदी दादांचं नाक.

पुढं या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. आता बिनटाक्याची नसबंदी आहे, थोड्या वेळात होते, माणूस त्याच दिवशी घरी जातो. पण तीन महिन्यांचा नियम तोच. तोवर निरोध किंवा दुसरं काही साधन वापरायचं, मग वीर्य तपासायचं, आणि त्यात बीज नाही असं लेखी आलं की मगच निर्धास्त व्हायचं. त्यानंतरही क्वचित, सुमारे दोन हजारांत एखाद्याची, नळी आपोआप जुळते. बांध कितीही चोपला तरी उंदराचं एखादं बीळ पाण्याला वाट देतं, तसं. म्हणून नसबंदी वाईट ठरत नाही. बाईच्या ऑपरेशनपेक्षा हे सोपं आणि कमी धोक्याचं. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ऑपरेशन झालेल्या बायका जवळपास ३८ टक्के आणि पुरुषांची नसबंदी अवघी ०.३ टक्के. अजूनही आपण बाईलाच पुढं करतो.

गावातलं एखादं पोरगं नसबंदीचं विचारायला आलं तर मी त्याला दोन गोष्टी सांगतो. तपासणीचा कागद हातात येईपर्यंत जपून राहा. आणि तरीही बायकोला दिवस गेले, तर आधी स्वतःला तपासून घे. तिच्याकडं बोट दाखवू नको. दवाखान्यात जाताना तिला बरोबर ने, म्हणजे डॉक्टर काय सांगतात ते दोघांनाही ऐकू येईल.