निरोप्याचा मान

भरत-बाहुबलींची नाटिका बसवायची म्हटली की पाठशाळेत भूमिकांसाठी चढाओढ लागते. बाहुबली व्हायला सगळेच तयार असतात, भरतासाठीही हात वर होतात. पुठ्ठ्याचे चक्ररत्न फिरवायलासुद्धा कोणी ना कोणी मिळतोच. दूत मात्र कोणालाच व्हायचे नसते. अखेर ती भूमिका एखाद्या बुजऱ्या मुलाच्या वाट्याला येते. मग बाहुबलींचे योद्धे त्याला ढकलतात, त्याचा फेटा उडवतात आणि सभागृह हसते. बलवानाने दुसऱ्याकडून आलेल्या सामान्य माणसाशी असेच वागायचे असते, अशी मुलांची समजूत झालेली दिसते. ती समजूत त्यांना ग्रंथातून मिळालेली नाही. ती घरातून आणि दुकानातून मिळालेली असावी.

ग्रंथांतील कथा वेगळी आहे. दिग्विजय करून भरत परतले, तरी चक्ररत्न नगरीत प्रवेश करीना, कारण बंधू अजून अंकित झाले नव्हते. अठ्ठ्याण्णव बंधूंनी भगवान ऋषभदेवांच्या चरणी दीक्षा घेतली. उरले बाहुबली. त्यांच्याकडे भरतांनी दूत धाडला. बाहुबलींची राजधानी श्वेतांबर परंपरेत तक्षशिला, तर दिगंबर परंपरेत पोदनपूर. नवव्या शतकातील आचार्य जिनसेनांचे आदिपुराण असो वा बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्रांचे त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्र असो, दूताचा प्रसंग दोन्हींत आहे. हेमचंद्रांनी तर त्या दूताला सुवेग असे नावही दिले आहे. ज्या कथेत चक्रवर्ती आणि कामदेव समोरासमोर उभे ठाकणार आहेत, तिच्यात एका निरोप्याला नाव मिळावे, ही गोष्ट लहान नव्हे.

सुवेग सभेत येतो, तेव्हा बाहुबली प्रथम ज्येष्ठ बंधूचे आणि अयोध्येचे कुशल विचारतात. मग सुवेग आपल्या स्वामीचे सामर्थ्य वर्णन करून शरण येण्याची सूचना करतो. शब्द बोचरे आहेत. सभेतील वीर संतापतात, आणि तेथून निघताना सुवेगाला जिवाची धास्ती वाटते. तरीही तो सुखरूप परततो. बाहुबलींचा नकार ठाम आहे; पण तो नकार भरतांना आहे, तो पोहोचवणाऱ्याला नाही. ज्या बाहूंपुढे पुढे चक्रवर्तीही टिकला नाही, त्या बाहूंनी दूताला स्पर्श केला नाही. बाहुबलींच्या पराक्रमाची आठवण काढताना या संयमाची आठवण सहसा निघत नाही.

हा संयम केवळ त्यांच्या स्वभावाचा भाग नव्हता. त्याला राजनीतीचाही आधार आहे. दहाव्या शतकातील दिगंबर आचार्य सोमदेवसूरी यांनी नीतिवाक्यामृतात दूतासाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले. शस्त्रे उगारलेली असतानाही राजे दूताच्या मुखाने बोलतात आणि तो परक्याचे शब्द वाहतो, म्हणून तो अवध्य मानला जातो, हा विचार त्यांच्या आधी कौटिल्यानेही मांडला होता. दूत कोणत्या कुळाचा वा जातीचा आहे, याने त्या अभयात फरक पडत नाही.

नीतिशास्त्राने दूतांचे तीन प्रकार सांगितले आहेत. निसृष्टार्थ म्हणजे ज्याला स्वतः ठरवण्याचा पूर्ण अधिकार आहे तो. परिमितार्थ म्हणजे ज्याला नेमून दिलेल्या मर्यादेतच बोलता येते तो. आणि शासनहर म्हणजे केवळ पत्र पोहोचवणारा. व्यापारी कुटुंबांना हे तिघेही चांगले परिचयाचे आहेत. पेढीच्या वतीने सौदा ठरवणारा जुना मुनीम पहिला, ठरलेल्या भावाच्या आतच बोलू शकणारा दलाल दुसरा, आणि चिठ्ठी किंवा बिल घेऊन आलेला पोऱ्या तिसरा. यांपैकी ज्याच्या हाती काहीच नसते, त्यालाच सर्वांत अधिक बोलणी खावी लागतात. मुनिमाला गादीवर बसवून चहा मिळतो आणि पोऱ्याला उंबऱ्याबाहेर उभे राहून मालकाच्या वाट्याच्या शिव्या मिळतात.

महाराष्ट्राच्या इतिहासात दोन्ही तऱ्हेची उदाहरणे आहेत. १७ ऑगस्ट १६६६ रोजी शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले, तेव्हा मोगलांच्या हाती सापडले ते त्यांचे वकील रघुनाथपंत कोरडे आणि त्र्यंबकपंत डबीर. कोतवाल फुलादखानाने त्यांचे हाल केले. त्यांची सुटका पुढच्या वर्षी झाली. जो निसटला त्याच्यावरचा राग जे हाती होते त्यांच्यावर निघाला. याउलट, १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी महाराजांच्या शत्रूला तोफांची मदत केली होती, आणि त्याची शिक्षा म्हणून पुढे राजापूरची वखार लुटली गेली होती. तरीही १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, तेव्हा त्याची भेट झाली, त्याचे म्हणणे ऐकले गेले आणि तहही झाला. जुना हिशेब कंपनीशी होता, तो वकिलाच्या अंगावर काढला गेला नाही.

रायगड आणि तक्षशिला दूर राहिली. पण दूत आजही रोज दारात येतो. मेडशीचेच उदाहरण घ्यावे. अकोल्याहून मालेगावमार्गे शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला जाणारी वाट या गावावरून जाते. सोयाबीन आणि तुरीच्या या मुलखात दुकानदारी उधारीवर चालते आणि उधारी निरोपांवर. पाऊस लांबला की शेतकरी स्वतः येत नाही. शेजाऱ्याला किंवा शाळकरी मुलाला पाठवतो. ‘बाबांनी सांगितलं, पैसे सुगीनंतर देतो,’ एवढे एक वाक्य पाठ करून ते मूल काउंटरसमोर उभे राहते. त्याला उधारीचा आकडा ठाऊक नसतो, व्याज ठाऊक नसते. बापाला ऐकवायचे शब्द त्याला ऐकवले, तर रक्कम एक रुपयानेही वसूल होत नाही. पुढच्या वेळी मात्र ते मूल येत नाही, मग निरोपही येत नाही, आणि शेवटी गिऱ्हाईकच दुसऱ्या दुकानाची पायरी चढते.

व्यवहाराचे हे नुकसान मोठे आहे. सुवेगाने परत जाऊन बाहुबलींचे सामर्थ्य भरतांपुढे जसेच्या तसे मांडले; मालकाला गोड वाटेल असे रंगवून सांगितले नाही. निरोप्याला अभय असेल, तरच खरी बातमी पेढीपर्यंत पोहोचते. जेथे वाईट बातमी आणणाऱ्यावर डाफरले जाते, तेथे नोकर आणि मुलगेही वाईट बातमी दडवू लागतात. अशा पेढीला तोटा झाल्याचे सर्वांत शेवटी कळते ते मालकाला.

व्यवहाराहून मोठे नुकसान व्रताचे आहे. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. हात न उगारताही यांतले दोन सहज घडतात. दुसऱ्याच्या अपराधाचा भार निरोप्याच्या डोक्यावर ठेवणे, याला अतिभार नाही तर काय म्हणावे? आणि उन्हातान्हातून चालत आलेल्याला पाण्याचा पेलाही न विचारता ताटकळत ठेवणे अन्नपाननिरोधाच्या जवळ जाते. भाषासमिती साधूंसाठी सांगितली असली, तरी तिचा थोडासा अंश गल्ल्यावर बसणाऱ्याला जड जाऊ नये.

संवत्सरीला किंवा क्षमावणीला नातलग, व्यापारी आणि मित्र यांची यादी काढून प्रत्येकाकडे क्षमा मागितली जाते. त्या यादीत वसुलीला आलेला कारकून, पार्सल आणणारा मुलगा, शेतकऱ्याचा निरोप आणणारी म्हातारी नसते, कारण त्यांचे नावच कोणी विचारलेले नसते. यंदा ते विचारावे. नकार द्यायचा असेल तर तो स्पष्ट द्यावा, हिशेब चोख ठेवावा. पण आधी बसायला सांगावे, पाणी द्यावे आणि ज्याने पाठवले त्याचे कुशल विचारावे. बाहुबलींनी सुरुवात तेथूनच केली होती.