दगडांची फेरमांडणी

खाऱ्या पाण्याच्या टाकीत आधीपासून असलेल्या निळ्या डॅमसेलने, दोन महिन्यांनी आणलेला त्याच जातीचा मासा तीन दिवसांत मारला. कोनराड लोरेन्झ यांनी १९६३ च्या ग्रंथात प्रवाळमाशांविषयी हेच नोंदवले आहे: वैर परक्यापेक्षा स्वजातीयाशी अधिक.

पुढच्या खेपेस नवा मासा सोडण्यापूर्वी मी टाकीतले सारे दगड हलवले. जुन्याची कपार गेली आणि तिच्याबरोबर त्याचा हक्कही. दोघेही सारखेच उपरे ठरले. किरकोळ चकमकी झाल्या, जीव मात्र गेला नाही.

वडिलांच्या घराच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी सहा वर्षे अबोला आहे. त्या रात्री त्याला फोन करावासा वाटला. पण त्या घरातल्या माझ्या खोलीचे कुलूप मी अजून काढलेले नाही.