खुराड्यातले ढेकूण

आमच्या घरामागे चार कोंबड्या आहेत हे कळल्यापासून शनिवारच्या वर्गातले कोणी ना कोणी आम्हाला विचारतेच, "अंडी रोज मिळतात का?" मिळतात, पण रोज नाही, आणि फुकट तर मुळीच नाही! अंड्यांबद्दल पुन्हा कधीतरी लिहू. या वेळी लिहायचे आहे ते कोंबड्यांच्या एका शत्रूबद्दल. तो टाचणीच्या डोक्याहूनही लहान असतो, पण दोन वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यात त्याने आमची ठमा जवळजवळ नेलीच होती.

आम्ही म्हणजे आई-बाबा, दोघे भावंडे आणि त्या उन्हाळ्यात चिपळूणहून इंग्लंडला आलेली आजी. कोंबड्यांची नावे चिंगी, मंगी, राणी आणि ठमा. त्या रात्री ज्या लाकडी घरात झोपतात त्याला मराठीत खुराडे म्हणतात.

त्या महिन्यात ठमा खुडूक झाली. खुडूक कोंबडी अंडी घालायचे थांबवते आणि अंग फुगवून एका जागी बसून राहते. तिला पिले हवी असतात. आमच्याकडे कोंबडा नाही, म्हणून आम्ही एका कोंबडीपालकाकडून सहा फलित अंडी आणून तिच्याखाली ठेवली. पिले बाहेर यायला 21 दिवस लागतात. कॅलेंडरवर रोज एक फुली मारायचे काम आम्हा भावंडांकडे होते.

नवव्या दिवशी ठमा दाणे खायला उठली तेव्हा तिचे पाय लटपटत होते. तिचा लालभडक तुरा फिकट गुलाबी झाला होता. बाकीच्या तिघी संध्याकाळी खुराड्यात जायलाच तयार होईनात, कुंपणावर जाऊन बसू लागल्या. सकाळी अंडी काढणाऱ्याच्या हाताला खाज सुटायची. आम्ही ठमाची पिसे उलटून पाहिली, पंखांखाली पाहिले, पण काही दिसले नाही.

आजी म्हणाली, "दिवसा कशाला सापडतील? आमच्या लहानपणी खाटेत ढेकूण असायचे. दिवसा एक दिसायचा नाही. दिवा मालवला की फटीफटीतून बाहेर! रात्री बघा, आणि कोंबडीकडे नको, दांड्याकडे बघा."

रात्री साडेदहाला, नीट अंधार पडल्यावर, आम्ही बॅटरी घेऊन गेलो. कोंबड्या ज्या दांड्यावर बसतात त्याच्या खालच्या बाजूने पांढरा कागदी रुमाल फिरवला. रुमालावर लाल रेघा उमटल्या. ते आमच्या कोंबड्यांचे रक्त होते. कोणी काही बोलले नाही.

या किड्याला इंग्लंडमध्ये रेड माइट म्हणतात. खरे तर तो कीटक नव्हे, कोळ्याच्या आणि गोचिडाच्या कुळातला आहे. म्हणून मोठ्या माइटला आठ पाय असतात. उपाशी असताना तो करडा दिसतो आणि रक्त प्यायला की लाल. आजीने सांगितलेला ढेकणाचा स्वभाव याला तंतोतंत लागू पडतो. तो कोंबडीवर राहत नाही, कोंबडीच्या घरात राहतो. रात्री फटीतून येतो, रक्त पितो आणि परत फटीत जाऊन अंडी घालतो. खुडूक कोंबडी रात्रंदिवस एकाच जागी बसलेली असते, त्यामुळे तिला सर्वांत जास्त धोका.

माइटचे आणखी दोन प्रकार आहेत. एक कोंबडीच्या अंगावरच राहतो आणि शेपटीखालच्या पिसांत सापडतो. दुसरा पायाच्या खवल्यांखाली शिरतो, मग खवले वर उचलले जातात आणि पाय खडबडीत दिसतात. त्या दोन्हींत कोंबडीवर उपचार करायचे असतात. लाल माइटच्या बाबतीत मात्र उपचार हवा खुराड्याला.

आता प्रश्न होता ठमाचा. तिला हलवले तर ती अंडी सोडून उठेल अशी आम्हा भावंडांना भीती होती. बारा दिवसच तर राहिले होते! आम्ही म्हटले, तिला तिथेच राहू द्या. आजी म्हणाली, "अंडी पुन्हा मिळतील रे, ठमा मिळणार नाही." मग मात्र आम्ही हट्ट सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला शेडमध्ये हलवले. सकाळची वेळ मुद्दाम निवडली, कारण तेव्हा बहुतेक माइट जुन्या घरट्याच्या फटीत असतात, कोंबडीच्या अंगावर नसतात. नव्या खोक्यात कोरडा लाकडाचा भुसा घातला, प्रत्येक अंडे कोरड्या फडक्याने पुसून आत ठेवले, खिडकीवर चादर टाकून अंधार केला. ठमा पाच मिनिटे उभी राहिली. आम्ही दाराच्या फटीतून श्वास रोखून पाहत होतो. मग तिने चोचीने एकेक अंडे पोटाखाली ओढले आणि बसली! दोन दिवसांनी ते खोकेही पिशवीत बांधून टाकून दिले आणि नवे दिले, म्हणजे तिच्याबरोबर चुकून आलेले माइट खोक्याबरोबरच गेले. व्हेटने तिला तपासून सांगितले की रक्त कमी झाले आहे, चांगला आहार द्या आणि माइटपासून दूर ठेवा.

त्याच दिवशी खुराडे उघडले. दांडे काढले. दांड्यांची टोके जिथे भिंतीत बसतात तिथे राखेसारखी करडी पूड होती. ती माइटची कात आणि विष्ठा. छपरावरचे डांबरी फेल्ट उचलल्यावर खाली हजारो माइट वळवळताना दिसले. ते फेल्ट काढून आम्ही पन्हळी पत्रा बसवला, कारण फेल्टखाली लपलेल्या माइटपर्यंत काहीच पोहोचत नाही. सगळे साबणाच्या पाण्याने घासले, आई-बाबांनी फटींवर गरम वाफ सोडली, मग सगळे उन्हात वाळवले. आजीला रॉकेल हवे होते, पण आगीची भीती आणि कोंबड्यांना त्या वासाचा त्रास, म्हणून तिची समजूत घातली. इथले जुने लोक लाकडाला क्रिओसोट लावायचे, पण 2003 पासून ते घरगुती वापरासाठी विकायला बंदी आहे.

वाळल्यावर फटींमध्ये डायटोमेशियस अर्थ नावाची पांढरी भुकटी भरली. ही सूक्ष्म शेवाळांच्या प्राचीन कवचांची भुकटी असते. ती माइटच्या अंगावरचे मेणाचे आवरण खराब करते आणि माइट सुकून मरतो. ओली झाली की ती निरुपयोगी. श्वासातून छातीत जाऊ नये म्हणून तोंडाला मास्क लावा आणि धूळ खाली बसेपर्यंत कोंबड्यांना आत सोडू नका.

आता बालमित्रांनो, एक गणित. भुकटीने माइट मरतात, पण त्यांची अंडी मरत नाहीत. अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात आणि उन्हाळ्यात साधारण आठवड्याभरात नवा माइट अंडी घालण्याइतका मोठा होतो. मग दुसरी सफाई कधी करायची? आठवडा व्हायच्या आत! आम्ही दर पाच दिवसांनी केली. पहिली ठमाच्या दहाव्या दिवशी, दुसरी पंधराव्या आणि तिसरी विसाव्या दिवशी. आणि एकविसाव्या दिवशी शेडमधून चिवचिव ऐकू आली. सहापैकी चार पिले निघाली. ठमाचा तुरा पुन्हा लाल व्हायला बरेच आठवडे लागले, पण झाला.

फार त्रास असेल तर औषधही आहे. फ्लुरालॅनर नावाचे औषध 2017 साली युरोपात कोंबड्यांसाठी मंजूर झाले. ते पिण्याच्या पाण्यातून, सात दिवसांच्या अंतराने दोनदा देतात, आणि त्या काळात अंडी खाता येतात. पण ते व्हेटच्या चिठ्ठीवरच मिळते आणि कोंबडीच्या वजनावरून मोजून द्यावे लागते.

लाल माइट काही न खाता कित्येक महिने जगतो. थंडीत तो दिसेनासा होतो, पण मेलेला नसतो. म्हणून आता आम्ही मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत दर रविवारी रात्री रुमाल फिरवतो. दांड्यांच्या टोकांना व्हॅसलीन लावतो. कोंबड्यांना लोळायला कोरडी माती, वाळू आणि लाकडाची राख छपराखाली ठेवतो. गावाकडे खुडूक कोंबडीच्या पाटीत राख आणि कडुलिंबाचा पाला घालतात, असे आजी सांगते. कडुलिंब इथल्या थंडीत वाढत नाही, पण राख मिळते.

तुमच्यापैकी कोणी कोंबड्या आणायच्या विचारात असाल तर दोन गोष्टी करा. 1 ऑक्टोबर 2024 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये एकच कोंबडी असली तरी तिची सरकारी नोंदणी करावी लागते, ती करा. आणि खुराडे घेताना रंग पाहू नका, फटी मोजा. जितक्या फटी कमी, तितकी झोप जास्त. कोंबड्यांची आणि तुमचीही!