मारोती की मारुती?

अर्धापूरच्या ग्रामीण रुग्णालयात ‘पेशंटला नांदेडला न्या’ असं सांगितलं, की गंभीर रुग्ण बहुधा गोदावरी ओलांडून विष्णुपुरीला जातो, डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. गाडीने हा प्रवास फार मोठा नाही. पण ग्रामीण रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं आणि विष्णुपुरी वैद्यकीय शिक्षण विभागाचं. खाती दोन, दोघांच्या संगणक प्रणाली वेगळ्या वाटांनी वाढलेल्या. त्यामुळे रुग्णाचा पूर्वेतिहास नातेवाइकाच्या पिशवीतून जातो: रेफर चिठ्ठी, रक्ताचे रिपोर्ट, घडी पडलेला केस पेपर.

सरकारी दवाखान्यात संगणक प्रणाली सांभाळणाऱ्याचं काम म्हणजे सर्व्हर, नेट आणि पासवर्ड, अशी समजूत आहे. ती कामं आहेतच. लाईट गेली की यूपीएस किती वेळ तग धरेल, हेही त्यालाच पाहावं लागतं. पण त्याचं खरं कसब नोंदणीच्या खिडकीवर लागतं. समोरचा माणूस यापूर्वी इथे आला होता का, आणि आला असेल तर यादीतला नेमका कोणता?

मराठवाड्यात ‘मारोती’ म्हणतात. आधार कार्डावर ‘मारुती’ असतं, तर जुन्या नोंदीत आडनाव आधी आणि इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. बाईचं नाव एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या कितीतरी जणांची 1 जानेवारी लागलेली. मोबाइल नंबर अख्ख्या घराचा एकच. खिडकीवर रांग असली, की शोधत बसण्यापेक्षा नवी नोंद करणं सोपं पडतं, आणि एका माणसाचे तीन रुग्ण होतात.

हे निस्तरता येतं. याच्या उलटं घडलं, म्हणजे दोन माणसांची एकच नोंद झाली, तर एकाचा रक्तगट आणि एकाची औषधाची ॲलर्जी दुसऱ्याच्या नावावर चढते. म्हणून या कामात मुरलेला माणूस दुबार नोंदी जोडताना मुद्दाम सावकाश चालतो. नाव जुळलं, वय जुळलं, तरी गाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव विचारल्याशिवाय तो बटण दाबत नाही. हा सावकाशपणा कोणत्याही मासिक अहवालात दिसत नाही, पण रुग्णाची सुरक्षितता त्याच्यावरच उभी असते.

अर्धापूर तालुक्यात केळीच्या बागा आहेत, तसा साखर कारखानाही आहे. गाळपाच्या हंगामात ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेल्या गरोदर बाईची गावाकडे माता-बाल नोंद झालेली असते. ती शोधून पुढे चालवली, तर आधी कोणती तपासणी झाली आणि कोणती लस राहिली, हे कळतं. नवी केली, तर दोन अर्धवट बायका कागदावर उरतात.

प्रणाली बंद पडते तेव्हा या शिस्तीची परीक्षा होते. जुलै 2022 मध्ये राज्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतली संगणकीय प्रणाली कंत्राटाच्या वादात बंद झाली आणि केस पेपर पुन्हा हाताने लिहिले जाऊ लागले. त्याच वर्षी 23 नोव्हेंबरला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकाची नोंदणी कित्येक दिवस कागदावर चालली. अशा दिवसांसाठी कागदाचा नमुना आधीच छापून ठेवावा लागतो, आणि त्यावर जुन्या नोंदणी क्रमांकाची जागा हवीच. नाहीतर प्रणाली सुरू झाल्यावर त्या दिवसांतली माणसं कुणाच्याच खात्यात बसत नाहीत.

सप्टेंबर 2021 मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला चौदा आकडी ‘आभा’ क्रमांक अर्धापूर आणि विष्णुपुरी यांच्यातली ही फट बुजवू शकतो. मात्र त्या क्रमांकात रिपोर्ट साठवलेले नसतात. ते ज्या त्या दवाखान्यातच राहतात आणि रुग्णाच्या संमतीने दुसऱ्याला दिसतात. अर्धापुरात नोंदच घातली नसेल, किंवा ती दुसऱ्याच मारोतीच्या नावावर गेली असेल, तर विष्णुपुरीच्या डॉक्टरला काय दिसणार?

हे बारीक काम अनेक ठिकाणी कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटरच्या अंगावर आहे. त्यांना कायम पद आणि नीट प्रशिक्षण मिळायला हवं. आणि वाचकांनो, सरकारी दवाखान्यात जाताना जुना केस पेपर बरोबर न्या, ‘नवीन काढा’ म्हणू नका, आणि खिडकीवरच्या माणसाने गावाचं नाव पुन्हा विचारलं तर न चिडता सांगा.