नौकेची परीक्षा

मनुष्य ज्या वस्तू पारखून घेतो, त्यांपैकी बहुतेकांची परीक्षा घेण्यापूर्वीच करता येते. आंबा बाजारात चाखता येतो, बैल शेतात चालवून पाहता येतो, आणि घर भाड्याने घेताना निदान नळास पाणी येते की नाही एवढे तरी पाहता येते. शिडाच्या नौकेचे तसे नाही. ती आपल्यासमोर उभी राहते ती बंदरातील शांत पाण्यावर, ताज्या रंगात. आणि तिची खरी कसोटी लागते ती किनारा दिसेनासा झाल्यावर, जेथून तक्रार घेऊन दुकानात परत येण्याची सोय नसते. म्हणून नौका डोळ्यांनी पारखण्यापेक्षा विचाराने पारखावी लागते.

हा विचार करण्याचा प्रसंग आम्हांवर आला, त्यास कारण घरचेच होते. आम्ही राहतो रोडपालीस. पनवेलच्या खाडीत एके काळी मुंबईहून मचवे आणि पडाव येत. आज आमच्या दारावरून कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे जाणाऱ्या मालमोटारी तेवढ्या धावतात. अशा ठिकाणी राहून आम्हांस नौकांविषयीची पुस्तके वाचण्याचा छंद लागला, आणि त्या छंदामुळे घरात आम्ही उगाच जाणकार ठरलो. परिणामी आमच्या पुतण्याने एक छत्तीस फुटी जुनी नौका विकत घेऊन अरबी समुद्र ओलांडण्याचा बेत केला, तेव्हा तिचे माहितीपत्रक आमच्यापुढे आले. पुतण्याने विचारले, ‘काका, ही किती धावेल?’ वहिनी शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी एवढेच विचारले, ‘भावजी, ही उलटली तर पुन्हा उभी राहील का?’

आधी वेगाचा प्रश्न घेऊ. तो सोपा आहे. नौका पाणी कापीत चालली म्हणजे नाळेपाशी एक लाट उठते आणि मागे दुसरी. वेग वाढेल तशी ही लाट लांबत जाते. ती नौकेच्या पाणरेषेइतकी लांब झाली, की नौका स्वतःच उठविलेल्या लाटेच्या उतारावर अडकते. जड अंगाच्या नौकेस त्यापुढे जाणे फार कठीण. पाणरेषेची लांबी २५ फूट असेल तर ही मर्यादा ताशी सुमारे ६.७ सागरी मैल, ३६ फूट असेल तर ८, आणि ४९ फूट असेल तर ९.४. म्हणजे वेग दुप्पट हवा असेल तर लांबी चौपट पाहिजे. मध्यम आकाराच्या दोन नौकांत ताशी अर्ध्या मैलाच्या फरकावरून वाद घालणारे लोक बहुधा किनाऱ्यावरचेच असतात.

आता ‘सुहैली’ची हकिकत पाहा. ही नौका मुंबईस कुलाब्याला सागाच्या लाकडाची बांधली गेली आणि डिसेंबर १९६४ मध्ये पाण्यात उतरली. सुतारांची हत्यारे म्हणजे वाकस, करवत आणि कमानीचे सामते. मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ह्यांनी नकाशे मागविले एका आराखड्याचे आणि आले दुसऱ्याच, जुन्या आराखड्याचे. त्याचे मूळ नॉर्वेतील कॉलिन आर्चर ह्यांच्या, वादळात इतरांच्या मदतीस जाणाऱ्या नौकांत होते. लांबी अवघी ३२ फूट, दोन्ही टोके निमुळती, अंग जड, पठाण म्हणजे कणा नाळेपासून सुकाणूपर्यंत सलग. शर्यतीच्या शौकिनाने तिच्याकडे वळूनही पाहिले नसते. परंतु १९६८ साली एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत नऊ जण उतरले, आणि त्यांतून एकटी ‘सुहैली’ २२ एप्रिल १९६९ रोजी परत पोहोचली. तिला ३१२ दिवस लागले. सरासरी वेग पडला ताशी चार मैल. तिच्याहून पुष्कळ वेगवान नौका त्या शर्यतीत होत्या. त्यांतील एक तीन अंगांची नौका घराच्या वाटेवर असताना फुटून बुडाली.

येथे वहिनींच्या प्रश्नास हात घातला पाहिजे. दक्षिण महासागरात ‘सुहैली’ लाटेने आडवी झाली. खोलीचे छप्पर जागचे हलले, पिण्याचे पाणी नासले. पण ती उभी राहिली. हे घडते कसे? नौकेचा तोल दोन प्रकारांनी सांभाळता येतो: रुंदीने किंवा तळाच्या वजनाने. रुंद नौका बंदरात डोलत नाही आणि पाहुण्यांस फार आवडते. परंतु ती एकदा पालथी झाली, की तीच रुंदी तिला पालथीच धरून ठेवते. उलट जिच्या पठाणास भरपूर शिसे किंवा बीड आहे, ती थोड्या वाऱ्यातही कलते, पाहुण्यास भिवविते, आणि उलटली तरी तळाच्या ओढीने सरळ होते. ह्या वजनास आपल्या जुन्या खलाशांच्या भाषेत नीरम म्हणत. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंडजवळ फास्टनेट शर्यतीस वादळाने गाठले आणि १५ स्पर्धक दगावले. खलाशांनी २४ नौका सोडून दिल्या; त्यांतील पाचच बुडाल्या. त्यानंतर हलक्या, रुंद आराखड्यांकडे लोक संशयाने पाहू लागले.

दुसरे उदाहरण गोव्याचे. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर ह्यांच्या कारखान्यात भारतीय नौदलासाठी ‘म्हादेई’ बांधली गेली. आराखडा व्हॅन डी स्टाट ह्या डच संस्थेचा, लांबी ५६ फूट, वजन सुमारे २३ टन. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी ह्यांच्या प्रेरणेने कमांडर दिलीप दोंदे ह्यांनी तिच्यातून २००९-१० मध्ये चार मुक्काम करून एकट्याने प्रदक्षिणा केली, आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी मुंबईहून निघून, कोठेही न थांबता सुमारे दीडशे दिवसांत मुंबईस परतले. सरासरी वेग ताशी सुमारे सव्वासहा मैल. ‘सुहैली’हून वजन दुपटीपेक्षा अधिक, वेग दीडपट. पण लांबी वाढली की शीड मोठे होते, शीड मोठे झाले की त्यावरची ओढ वाढते, आणि ओढणारे हात दोनच राहतात. मोठी नौका घेण्याचा मोह होणाऱ्याने हा हिशेब विसरू नये.

पुढे २०१८ साली हेच टॉमी ‘सुहैली’च्या धर्तीवर बांधलेल्या ‘थुरिया’तून निघाले असता हिंदी महासागरात नौका उलटली. डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीस जबर दुखापत झाली. तथापि नौका सरळ झाली आणि सुटका होईपर्यंत तिने त्यांस पाण्यावर राखले. २०२२-२३ च्या त्याच शर्यतीत ते पुन्हा उतरले. नियमानेच ३२ ते ३६ फुटांच्या जुन्या पद्धतीच्या १६ नौका निघाल्या होत्या. त्यांत ते दुसरे आले. पहिल्या आलेल्या कर्स्टन नॉयशेफर ह्यांची नौकाही ३६ फुटीच होती.

तिसरी कसोटी सुकाणूची. ‘सुहैली’चे आपोआप चालणारे सुकाणूचे यंत्र अर्ध्या वाटेत निकामी झाले, तेव्हा शिडे नीट जुळवून ठेवली की ती आपल्या आपण वाट धरून राही, आणि मालकास झोप मिळे. मनुष्यास झोप लागते ही गोष्ट ज्या आराखड्याने लक्षात घेतली नाही, तो आराखडा कितीही देखणा असला तरी अपुरा आहे.

ह्या तीन कसोट्या घेऊन आम्ही ते माहितीपत्रक पुन्हा वाचले. आत तीन खोल्या, स्नानगृह, उभे राहून स्वयंपाक करण्याची सोय, रुंदी भरपूर. एकूण वजन सहा टन, त्यात नीरम दीड टन, म्हणजे चौथा हिस्सा. दूरच्या प्रवासासाठी तिसरा हिस्सा तरी असावा असे आमचे मत. आम्ही पुतण्यास लेखी अभिप्राय दिला: नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवला म्हणजे मुंबईहून रत्नागिरीस, फार तर गोव्यास जाण्यास नौका उत्तम आहे, आणि तिच्यात वहिनींसही सुखाने नेता येईल, अरबी समुद्र ओलांडण्यास ती योग्य नाही. त्यासाठी दुसरी पाहावी, कमी रुंद, तळास जड, आणि पाहतेवेळी चांगल्या वाऱ्यात सुकाणू सोडून ती किती वेळ वाट धरते हे घड्याळ लावून मोजावे. पुतण्या रुसला आहे. वहिनींनी मात्र तो कागद घडी करून जपून ठेवला आहे. दुसरी नौका पाहण्यास निघताना तो त्याच्या हाती देणार आहेत.